हुडीचं कापड

मिरजेच्या नसीमआपा सतारमेकर हातानं स्पीकर बनवत. एका जोडीला तीन आठवडे लागत. मुंबईच्या एका हुडीवाल्या ब्रँडनं त्यांच्याकडून दहा जोड्या करून घेतल्या. त्यावर दोघांचंही नाव लागणार म्हणून आपा खुशीत होत्या.

काम संपत आलं तेव्हा ब्रँडचा तन्मय कापडाचा तागा घेऊन आला. हुडीचंच जाडजूड कापड, त्यावर भलामोठा लोगो.

"मॅडम, हे स्पीकरच्या तोंडावर ताणून बसवायचं."

"अहो, यातून आवाज बाहेर येईल कसा? गवयाला गोधडीत गुंडाळून गायला बसवताय होय?"

आपांनी त्याला एकच गाणं आधी कापडाशिवाय आणि मग कापड लावून ऐकवलं. तो फोनमध्ये बघत होता. "मला तर सारखंच वाटतं. आणि जाहिरातीचे फोटो याच कापडात काढलेत, आता बदलता नाही येणार."

करारावर सही झाली होती. दातओठ खात आपांनी वीसही खोक्यांवर ते कापड ताणलं.

दहा जोड्या एका सकाळीतच खपल्या. चार दिवसांनी नाशिकच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "आवाज दबका येतोय हो."

आपांचा चेहरा खुलला. कुणीतरी कान देऊन ऐकलं होतं! "पुढचे चार स्क्रू काढा, कापड उतरवा आणि आता ऐका. मी थांबते फोनवर."

"कापड काढू?" तो दचकलाच. "अहो, त्याच्यासाठीच तर घेतलेत मी!"



"मग आवाज वाढवा," आपा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.