उरलेलं हँडल

“वयनी, हँडलां बसवलंय. आता कयाक फुलासारखी उठतली,” म्हणत दिराने पान्हा खिशात घातला आणि चहा मागितला.

जयवंतीने बघितलं. त्या लांबट, अरुंद होडीला एक हँडल पुढच्या टोकाला, दुसरं मागच्या. म्हणजे उचलायला पुन्हा दोघं लागणार, आणि दुसरा हाच. हा उठणार दहाला. तोवर खाडीवर आलेली गिऱ्हाइकं शेजाऱ्याच्या कयाकमधून फिरून गेलेली असायची. नवरा गेल्यापासून धंदा तिचा होता आणि सकाळ याच्या मालकीची.

तिने चहा दिला. तो गेल्यावर दोन्ही हँडलं काढली, कयाक आडव्या वल्ह्यावर तोलून मध्य शोधला आणि तिथे कडेला एकच हँडल आवळून बसवलं. वीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेल्या बाईला वजनाचं काय? धरायलाच काही नव्हतं.

सकाळी सातला तिने कयाक पिशवीसारखी उचलून एकटीने पाण्यात नेली.

दहाला दीर डोळे चोळत आला. “कयाक खय?”

“तिसऱ्या फेरीक गेली.” तिने उरलेलं हँडल त्याच्या हातात ठेवलं. “ह्या तुमच्या पलंगाक लावा, भावजी. उठूक बरा पडतला.”