चाळीसवरचा काटा

दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन आज आमच्या गाडीत बसलं. ऑइल प्रेशर आलं, तरच ताईला आणि तिच्या बाळाला दवनीवाड्याहून आणायला निघायचं होतं.

कोहमाऱ्याच्या गॅरेजात मिस्त्री खुमेंद्रभाऊंनी सेल्फ मारला. प्रेशर मीटरचा काटा चाळीसवर गेला.

"आता तरी हासा, काका!" भाऊ बाबांना म्हणाले.

बाबांनी हसत हसत नारळ फोडला.

भाऊंनी इंजिन बंद केलं आणि मीटर इंजिनापासून सोडवून माझ्या हातात दिला. काटा शून्यावर होता, नळीचं तोंड मोकळं.

बाबा खोबरं वाटत होते. मी तुकडा तोंडात टाकला, तेवढ्यात काटा सावकाश चढला आणि चाळीसवर थांबला.

फोन वाजला. पलीकडे ताई खिदळत होती.

"इतक्या लवकर पोचले तुमी? इंजिनचा आवाज आयकूनच बाळ नाचून राहिलं! बाबा उतरून राहिले, तू काऊन गाडीतच बसली?"