रिकामा पाट

कांकरगडाच्या दालनात ताट एकच होतं, पाट दोन. एका पाटावर अखैराज बसला होता. दुसरा रिकामा होता.

अखैराज खालच्या बादशाही छावणीतून आला होता. राव जैतमलांचा हा धाकटा आतेभाऊ. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे. पुढे यानं बादशहाची चाकरी धरली आणि रावांनी गड धरून ठेवला. होळीच्या सुमारास घाटातल्या झटापटीत रावांना भाला लागला. तेव्हापासून छावणीत कुजबूज होती, राव अंथरुणाला खिळलेत.

बादशाही सेनापतीनं त्याला साफ सांगितलं होतं, "वर जाऊन बघून ये. खरं असेल तर उद्याच शिड्या लावू. धडधाकट असेल तर पावसाआधी इथून उठलेलं बरं."

आणि गडावर तर माणसं मूठभर उरली होती. शिड्या लागल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत सगळा खेळ खलास.

पडद्याआडून लाखेच्या लाल चुड्यानं भरलेला हात बाहेर आला आणि बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार पडली.

"जेवा देवरसा," राणी उम्मेदकंवर म्हणाली. "भाभीनं तुपात हात आखडला असं नंतर म्हणाल."

"भाऊ आल्याशिवाय कसा जेवू, भाभीसा?"

"ते नाही यायचे."

"का? पोट दुखतंय? लहानपणी तर कच्च्या कैऱ्या पचवायचे."

"दुखतबिखत काही नाही त्यांचं."

"मग?"

तुपाची वाटी पडद्याआड गेली.

"तुम्हीच विचारलंत म्हणून सांगते. 'ज्याची मान बादशहापुढे वाकली, त्याच्या ताटात माझा हात जायचा नाही.' त्यांचेच शब्द आहेत, माझे नाहीत."

अखैराजचा हात ताटावरच थबकला. दारातला पहारेकरी तेल लावलेल्या मिशीत हसला. ते त्यानं पाहिलं आणि त्याचे कान तापले.

"एवढा माज?"

"तुम्ही ओळखता की त्यांना. आता काय बदलणार ते?"

अखैराज ताट ढकलून उठला. अपमान झालेला रजपूत पुढे काही तपासत बसत नाही. हाही तडक गड उतरला.

"बघितलंस त्याला?" सेनापतीनं विचारलं.

"बघायचं काय राहिलंय? आजारी माणूस भावाला जवळ घेतो, हुजूर. यानं मला ताटावरून उठवलं. अजून वर्षभर तरी हा वाकत नाही."

दुसऱ्या दिवशी तंबू उतरले. तोफा ओढणारे बैल घाटाकडे वळले आणि गडावरचा नगारा दणाणला. तटावर भिल्लांनी फेर धरला, म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, कुणीतरी हसत हसत रडलं. कुणापुढेही न वाकलेला असा गड आता मुलुखात एकच होता.

राणी गच्चीवर उभी होती. शेवटचा हत्ती खिंडीआड गेला तसा तिचा ऊर अभिमानानं भरून आला.

मग ती आत आली, रावांना अंगावर पाजून वाढवणाऱ्या म्हाताऱ्या धायसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"फोड आता हा चुडा," ती म्हणाली. "होळीपासून उसनाच घातलाय."