आदला दिवस

"उपास उद्या आहे पप्पा, आज नाही," पेर्ला म्हणाली आणि मधाच्या केकची बशी तिने सासऱ्यांपुढे सरकवली.

आन्शेलनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उद्या? मला वाटलं योम किप्पूर आजच."

"मागच्या आठवड्यातही तुम्ही असंच म्हणालात."

वर्षभराच्या पापांची क्षमा मागायच्या दिवशी, सकाळी सकाळी, सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला धडधडीत थाप. पेर्लाला स्वतःची लाज वाटली. युक्ती तिची नव्हती, नवऱ्याची होती. नाफ्तालीने आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं.

"पप्पांना साखरेचा आजार. डॉक्टर म्हणतात खा, राब्बी म्हणतात खा, पण हट्टी माणसापुढे कुणाचं चालतं? गेल्या वर्षीसारखं पुन्हा नको गं मला. ती ॲम्ब्युलन्स, ती पळापळ. तू घरी थांब आणि सांग की उपास उद्या आहे. विसराळू झालेत, पटेल त्यांना."

एवढं बोलून तो आज पांढरे कपडे घालून प्रार्थनेला निघून गेला होता. खोटं बोलायचं काम बायकोच्या गळ्यात.

कौलफील्डच्या ज्यू वस्तीतल्या त्या गल्लीतून सगळी ओळखीची माणसं पांढऱ्या कपड्यांत सिनेगॉगकडे चालली होती. पेर्लाने पडदे ओढून घेतले. "मॅगपाय काचेवर चोची मारतायत," ती म्हणाली. ही दुसरी थाप.

रोज सकाळी प्रार्थनेला दंडावर बांधायचे चामडी पट्टेही आन्शेलनी आज बाहेर काढले नव्हते. खांदा धरलाय म्हणाले. म्हातारा खरंच थकत चालला, असं तिला वाटलं आणि आणखी वाईट वाटलं.

केकचे तुकडे तिने काडेपेटीहून लहान कापले होते. आजाऱ्याने इतपतच खायचं, मग नऊ मिनिटं थांबायचं, मग पुढचा तुकडा. म्हणजे उपास पुरता मोडत नाही. "डॉक्टरांनीच असं थोडं थोडं खायला सांगितलंय," तिने सासऱ्यांना सांगितलं. तिसरी.

"आधी तू घे," आन्शेल म्हणाले.

"मला भूक नाही पप्पा."

"उपासाच्या आदल्या दिवशी खाणं हेसुद्धा पुण्य. आणि तू तोंड शिवून बसलीयस? मग मीही नाही खात जा." त्यांनी बशी परत ढकलली.

पेर्ला अडकली. साखर तिलाही होती, वयाच्या आठव्या वर्षापासून. पण राब्बींची ती मुभा म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, हे तिचं ठाम मत. बेचाळीस वर्षांची धडधाकट बाई ती. तिने उपास कधी मोडला नव्हता. आता खाल्लं तर पाप, न खाल्लं तर सासऱ्यांच्या जिवाशी खेळ.

तिने तुकडा तोंडात टाकला. हात थरथरत होते. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं, तिने स्वतःला समजावलं.

"आता कसं!" आन्शेल खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी आपला तुकडा उचलला.

दिवसभर हेच चाललं. "झाली बघ नऊ मिनिटं. हं, आधी तू." केक संपला, मग उकडलेला बटाटा, मग द्राक्षाच्या रसाचा एकेक घोट. चौथ्या तुकड्यानंतर तिच्या हातांची थरथर थांबली. निर्ढावले मी, तिच्या मनात आलं. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला टेकून रडली. पलीकडे सगळी वस्ती देवापुढे उपाशी उभी होती आणि ती एका भोळ्या म्हाताऱ्याला फसवून स्वतः चरत होती. याला क्षमा कुठली?

संध्याकाळी आन्शेल स्वतःच उठले आणि त्यांनी पडदा बाजूला केला. आभाळात तीन चांदण्या दिसत होत्या. उपास संपला होता.

पेर्लाला राहवेना. "पप्पा, उद्या नाही, आजच होता उपास. मी तुम्हाला फसवलं. योम किप्पूरला तुम्हाला खायला घातलं. मला क्षमा करा."

आन्शेलनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"क्षमा मी मागायची, पोरी. खांदा ठणठणीत आहे माझा; योम किप्पूरला पट्टे बांधायचे नसतात, म्हणून काढले नाहीत. राब्बींनी खा म्हटलं तेव्हा मी त्याच दिवशी गुमान हो म्हणालो होतो. पण गेल्या वर्षी तुला सिनेगॉगमधल्या बायकांच्या गॅलरीतून बेशुद्ध उचलून खाली आणताना पाहिलं ना, तेव्हापासून नाफ्ताली माझ्या मागे लागला होता: पप्पा, ती कुणाचंच ऐकत नाही, तुम्हाला भरवायचंय म्हटलं तरच खाईल."