कित्ता

“नाही म्हणजे नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद काउंटरवरून परत सरकवला. “मला वाचता येत नाही, तोवर मी कशावरही सही करणार नाही.”

परवाना कचेरीच्या माणसाने पांढरी टोपी काढून कपाळ पुसलं. “तुमच्या रक्षणासाठीच आहे हो.”

“कोणापासून रक्षण?”

त्याने एकदा आतल्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा बाहेरच्या रस्त्याकडे. “पुढच्या मंगळवारी येतो,” म्हणाला आणि गेला.

बाईंनी धुतलेलाच ग्लास पुन्हा धुवायला घेतला. छत्तीस वर्षं पहिलीच्या पोरांना धाकात ठेवणाऱ्या बाई, पण परक्या मुलखात सगळा धाक दुसऱ्यांकडे असतो.

“अगं, एका सहीनं काय होतंय?” यजमान म्हणाले. त्यांचा सगळा जन्म जहाजांच्या इंजिनांवर काम करण्यात गेला होता. म्हातारपणी समुद्रासमोर बसायचं हे त्यांचंच वेड. घर विकून त्यांनी या बेटावर पत्र्याच्या छपराचा हा बार घेतला होता आणि हौसेने बायकोच्या नावावर केला होता.

“एका सहीनंच तर सगळं होतं,” बाई म्हणाल्या. “त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं विसरलात?”

तो म्हणजे बारचा आधीचा मालक. तोही यांच्यासारखाच परदेशी. बार विकताना त्याने स्वतःच्या हाताने अर्धं पान लिहून दिलं होतं. ना स्टॅम्प, ना साक्षीदार. देणाऱ्याने स्वहस्ते लिहिलं की झालं, ही इथली रीत. बाईंना तेव्हा त्या साधेपणाचं कौतुक वाटलं होतं. म्हातारा मात्र त्याच दुपारच्या बोटीने निघाला, चपला दाराआड विसरून. जाताना एवढंच म्हणाला, “न वाचता सही करू नका.”

सोमवारी सकाळी शटरचं कुलूप कापलेलं सापडलं. चोरीला काहीच गेलं नव्हतं. कापलेलं कुलूप कोणीतरी खिळ्याला नीट अडकवून ठेवलं होतं.

“टोपीवाल्याची माणसं,” स्वयंपाकीण हलक्या आवाजात म्हणाली. तिला सगळे मावशी म्हणत. म्हाताऱ्याच्याही आधीपासून ती इथे होती. “आधी रक्षण विकायला येतात. नाही घेतलं तर मग हे. बाई, तुम्ही लवकर वाचायला शिका.”

दुपारी गिऱ्हाईक नसे. तेव्हा बाई काउंटरवर वही उघडून बसत आणि मावशी मासे साफ करता करता त्यांना इथली लिपी शिकवी. बोलणं दोघा नवरा-बायकोला जमू लागलं होतं, अक्षरं मात्र बाईंना अजून गाठी मारलेल्या दोऱ्यांसारखी दिसत. मावशी पानाच्या वर एक ओळ लिहून देई, बाई खाली गिरवत.

“म्हातारपणी बालवाडी!” यजमान चिडवत. “डबा काय आणलाय आज?”

“तुम्ही कान धरून कोपऱ्यात उभे राहा,” बाई म्हणत.

“एकेका शब्दाचा अर्थ विचारत बसू का गं?” बाईंनी एकदा मावशीला विचारलं, आणि मग स्वतःच हसल्या. “नको. मी पोरांना काय सांगायची? आधी हात वळू दे, अर्थ मागून येतो.”

मावशीला ते फार आवडलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

पानाखाली सही आणि तारीख. तीही पोरांना लावलेली सवय. बाईंनी स्वतःला त्यातून सूट दिली नाही. मंगळवारी टोपीवाला येऊन पुन्हा सहीविना परतला. त्या आठवड्याची ओळ जरा लांब होती. “आज वारा चांगला आहे, होड्या निघाल्या,” असा तिचा अर्थ मावशीने सांगितला. बाईंनी ती चार दिवस गिरवली. वळण असं उतरलं, की स्वतःच्याच अक्षराकडे त्या पाहत राहिल्या.

शनिवारी वहीतलं एक पान कमी दिसलं. “चुलीला घातलंस की काय?” बाईंनी डोळे वटारले. मावशीने जीभ चावली.

रविवारी पुन्हा कुलूप कापलेलं. यजमानांनी ते खिळ्यावरून काढून हातात घेतलं. “परत जाऊ या का गं?” त्यांनी विचारलं.

“जायचं कुठे? घर आहे का आपल्याला?” बाई म्हणाल्या. “आणखी महिनाभर. मला वाचता येऊ द्या, मग बघतेच त्या टोपीवाल्याकडे.”

मंगळवारी सकाळी दोघं बाजारातून परतली, तर शटर बंद होतं. त्यातच बसवलेलं नवंकोरं कुलूप. बाईंची किल्ली त्यात शिरेना. पायरीवर त्यांच्याच दोन बॅगा भरून ठेवलेल्या. शेजारी टोपीवाला उभा.

बाईंचा आवाज चढला. “शेवटी केलंतच ना?”

त्याने घडी घातलेला कागद उघडला. “बाई, हे अक्षर तुमचंच?”

इतक्या भीतीतही बाईंना ते वळण ओळखता आलं. “माझंच. कित्ता आहे तो. आज वारा चांगला आहे, होड्या निघाल्या.”

“नाही,” तो म्हणाला आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचू लागला. “‘मी हा बार राजीखुशीनं माझ्या स्वयंपाकिणीला दिला.’ खाली सही. तारीख.” त्याने खिशातून दुसरा कागद काढला, तो दर मंगळवारचा. “यावर इतकंच होतं, की तुम्ही स्वतः कचेरीत येऊन सांगितल्याशिवाय तुमच्या हातचं असं कोणतंही लिहिलेलं आम्ही मानू नये.”

आतून किल्ली फिरली आणि शटर हातभर वर गेलं. मावशी वाकून बाहेर आली आणि म्हाताऱ्याच्या चपलांशेजारी ठेवलेल्या बाईंच्या घरातल्या चपला तिने जपून पायरीवर आणून ठेवल्या.

“आधी हात वळू दे, बाई,” ती म्हणाली. “अर्थ मागून येतो.”