पहिली चुलीची

हनुमंताच्या हातून अकरावा पापुद्रा फाटला, तेव्हा त्याची सरूमावशी दारात चपला काढत होती.

तुंगार्लीच्या भाड्याच्या बंगल्यात कॉलेजची प्रयोगशाळा होती आणि तिथं हनुमंत दोन वर्षं एकाच नादात होता. काचपट्टीवर कार्बनचा पातळ थर बसवायचा, तो पाण्यावर सोडायचा, तारेच्या कडीवर अलगद उचलायचा आणि त्याच्यावर पॉझिट्रॉन सोडायचे. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचंच उलट्या भाराचं भावंड. ते आत घुसलं की कार्बनमधले इलेक्ट्रॉन बाहेर उड्या मारतात आणि किती मारतात ते यंत्र टिकटिक करून सांगतं. निदान सांगायला हवं होतं. पॉझिट्रॉन देणारी चिमूटभर चीज मुंबईहून मागून आणलेली, ती उद्या सकाळच्या गाडीनं परत जायची होती. आज टिकटिक झाली नाही तर दोन वर्षं पाण्यात. परातीत करडे तुकडे तरंगतच होते, आणि काचपट्टी उरली होती एक.

मावशी परंदवडीहून डबा घेऊन आली होती. वैशाख होता, म्हणून सोबत तांदळाच्या सालपापड्यांचं गाठोडं. तिनं परातीत बराच वेळ पाहिलं आणि उचलतोस कसा, म्हणून विचारलं. हनुमंतानं वैतागून रिकामी कडी पाण्याखाली आडवी धरली आणि सरळ वर घेतली. मावशीला हसूच आलं. वाफवलेली सालपापडी पानावरून सोडवण्यात अख्ख्या परंदवडीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हा पठ्ठ्या लहानपणापासून तिच्याशेजारी बसून नुसत्या फाटलेल्या खात आला होता.

"आडवं उचललंस तर पानी पोटात ऱ्हातंय, त्येच्याच वजनानं फाटतंय. उभं धर. एक कड चिकटू दे, मंग पान्याला वाट दे."

हा पापड नव्हे, केसाच्या हजार चिरा केल्या तर त्यातली एक एवढीच याची जाडी, असं हनुमंतानं सांगून पाहिलं. मावशीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तिनं हात धुतले, पापुद्र्याला श्वास लागू नये म्हणून पदर तोंडावर घेतला आणि हात पुढं केला. हनुमंतानं आधी पट्टी मागं घेतली. पण स्वतःच्या हातावर तरी कुठं भरवसा उरला होता? त्यानं पट्टी दिली.

मावशीनं ती तिरपी पाण्यात सरकवली. करडा पापुद्रा सुटून तरंगायला लागला. मग तिनं कडी बाजूनं उभी आणली, कड चिकटू दिली, आणि पाणी निथळेल तितक्याच बेतानं हात वर घेतला. पापुद्रा अख्खा आला. हनुमंतानं आनंदानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

मावशी मात्र कडी सोडेना.

"पैली चुलीची. ती चुलीत टाक, मंग दुसरी काढू."

दुसरी नाहीच, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. पण तिच्या घरात पहिली सालपापडी आजवर कुणी तोंडात घातली नव्हती. हनुमंतानं कोपऱ्यातल्या लोखंडी पिंपाकडे पाहिलं. पॉझिट्रॉन त्याच्यातच होते.

"मावशी, आमची चूल ती."

मावशीनं जवळ जाऊन पिंप निरखलं. धूर नाही, जाळ नाही, पण पोराची चूल होती. तिनं कडी दिली.

त्यानं कडी आत बसवली, झाकण आवळलं, हवा ओढणारा पंप लावला. आतली हवा निघेपर्यंत दोघांनी भाकरी खाल्ली. चार वाजता त्यानं बटण फिरवलं. यंत्र गप्प होतं. मावशीकडे बघायचा त्याला धीर होईना.

मग एक टिक झाली. दुसरी झाली. आणि बघता बघता ओलं लाकूड पेटावं तशी तडतड सुरू झाली. हनुमंतानं वही उघडली खरी, पण त्याला अक्षर दिसेना, डोळेच भरून आले होते.

मावशीनं पिंपाला हात जोडले.

"घेतली चुलीनं," ती म्हणाली. "आता फुडच्या समद्या तुझ्या."