पोटावरची खूण

पित्ताशय न काढताच दवाखान्याने ऑपरेशनचं बिल सरकारी योजनेतून मंजूर करून घेतलं, असा सरकारचा दावा होता. कुहीच्या अनुसयाबाई त्यातल्या मुख्य साक्षीदार, कारण त्यांचं पोट अजून तसंच दुखत होतं. नागपूरच्या कोर्टात उलटतपासणीला दवाखान्याच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "बाई, पोटावर टाक्यांची खूण आहे की नाही?"

"आहे नं जी. खोटं कायले बोलू?"

सरकारी वकील मिनलताईंनी घाईने कागद चाळले. तक्रारीत खुणेचा शब्दही नव्हता, आणि बिलासोबतचे सगळे कागद खोटेच धरून चालल्याने त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. दावा हातचा चालला होता. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन त्या उठल्या आणि त्यांनी साक्षीदाराच्या सोनोग्राफीची परवानगी मागितली.

चौथ्या दिवशी सरकारी रुग्णालयाचा रिपोर्ट आला. पित्ताशय जागेवर होतं, आतला खडाही जागेवर होता. कापली होती ती नुसती वरची कातडी.

"मंग मले कापलं काहून, वकीलबाई?" अनुसयाबाईंनी पदर पोटाशी आवळून धरला. "टाके घातले अन् लगेच मोबाइलवर फोटो काढला. मले वाटलं, डॉक्टरसाहेब किती काळजी घेऊन राहिले माही!"

मिनलताईंना त्यांच्याकडे बघवेना.



खोटी ऑपरेशनं थांबावीत म्हणून बिलासोबत टाक्यांचा फोटो जोडायची अट मिनलताईंनीच सरकारला सुचवली होती.